बेल्ट घालून पाया पडता येत नाही

रविवारी सकाळी मी लेकीचं डोकं धूत होते. आदल्या दिवशी तेल चोपडलं होतं, ते निघता निघत नव्हतं. म्हणून तिला मोरीत उभं करून पुढं वाकायला सांगितलं. केस सगळे पुढं सोडलेले, अंगात जुना टी-शर्ट, आणि तोंडाने अखंड कुरकुर. मी तांब्याने पाणी ओतत होते. पाणी मानेवरून पाठीवर गेलं, टी-शर्ट पाठीला चिकटला आणि माझा हात तिथंच थांबला.

तिच्या पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर आलेली होती. थोडीथोडकी नाही, कुणी आत उशी सरकवावी तेवढी.

"उभी राहा," मी म्हटलं. ती उभी राहिली. काही नाही, नेहमीची पोर. "वाक." वाकली. उशी परत वर. मी तिला पुन्हा उभं केलं, पुन्हा वाकवलं.

"मम्मी, डोळ्यात शाम्पू जातोय!"

"जाऊ दे," मी म्हटलं. हे मला नंतर तिनेच सांगितलं. एवढ्या वेळा उठबस करायला लावलीस आणि शाम्पू जाऊ दे म्हणालीस, म्हणून ती चिडली होती. मला त्यातलं काही आठवत नाही. मी गणिताच्या शिकवण्या घेते. पोरांच्या वहीतली रेघ तिरकी आहे हे मला खुर्चीतून न उठता कळतं, असा माझा लौकिक आहे. आणि इथं माझ्याच घरात, माझ्याच हाताखाली वाढलेली पाठ वाकडी होती आणि मी तांब्या धरून उभी होते.

नवरा म्हणाला, दप्तराचं ओझं. शेजारीण म्हणाली, मोबाईल बघत लोळते ना, म्हणून. डॉक्टरांनी दोघांनाही खोटं पाडलं. एक्स-रे दिव्यासमोर लावला आणि मला वाटलं, हा दुसऱ्या कुणाचा आहे. मणक्यांची ती माळ खालून सरळ निघून मध्येच उजवीकडं गेली होती आणि मग काहीतरी आठवल्यासारखी परत मध्यावर आली होती. डॉक्टर म्हणाले, यात कुणाची चूक नाही, बहुतेक वेळा कारणच सापडत नाही, वाढीच्या वयात हे होतं. मुलगी सातवीत होती, भराभर उंच होत होती. आम्ही त्याचं कौतुक करत होतो. आणि डॉक्टर सांगत होते की ती जेवढी वाढेल तेवढा बाक वाढायची भीती.

"बेल्ट लावू," ते म्हणाले. "बेल्टनं पाठ सरळ होईल असं मी म्हणत नाही. आहे तिथं थांबवायची. वाढ पूर्ण होईपर्यंत थांबली तर आपण जिंकलो."

"आणि नाही थांबली तर?" नवऱ्याने विचारलं.

"तर ऑपरेशन. पाठ उघडून मणक्यांना सळ्या लावाव्या लागतात."

सळ्या. हा शब्द मी बांधकामावर ऐकलेला होता. मी लेकीकडं बघितलं. ती टेबलावरच्या प्लास्टिकच्या सांगाड्याच्या मणक्यांत बोट घालून बघत होती.

बेल्ट म्हटलं की कमरेचा कापडी पट्टा डोळ्यांसमोर येतो. मीही तसंच समजून गेले होते. बेल्ट बनवणाऱ्या कारागिराने जे आणून ठेवलं ते म्हणजे पांढऱ्या जाड प्लास्टिकचं धड होतं. काखेपासून कमरेच्या खालपर्यंत, पुढून बंद, मागून उघडं, मागं तीन पट्टे. आत एका बाजूला कडक गादी, जिथं पाठ बाहेर आलीय तिथं दाबायला. माझ्या मुलीच्या मापाचं धड टेबलावर उभं होतं आणि माझी मुलगी शेजारी उभी होती.

पट्टे आवळले तेव्हा तिचा श्वास वर आला आणि तिथंच राहिला. ती रडेल म्हणून मी रुमाल काढून ठेवला होता. ती रडली नाही. विचारलं, "असं किती दिवस?"

"वाढ थांबेपर्यंत. आंघोळीपुरता काढायचा," कारागीर म्हणाला.

ती हसली. गंमत झाल्यासारखी हसली. तिचं रडणं मी सांभाळलं असतं, त्या हसण्याचं काय करावं ते कळेना.

नंतरचे दिवस आमच्या घरात नुसती धुमश्चक्री. आधी थोडा थोडा वेळ घालायचा, मग वाढवत न्यायचा, असं सांगितलेलं होतं. सुरुवातीला ती भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि घड्याळाकडं बघायची. मी म्हणायची, अजून थोडं. ती म्हणायची, तू घालून बघ. एकदा मी खरंच घालायला गेले. माझं अंग त्यात कुठून शिरणार! पण तेवढ्यावरून ती पोट धरून हसायला गेली आणि पोट हाताला लागेना, कारण वर प्लास्टिक. मग तिने त्याच्यावर टकटक केलं आणि विचारलं, "कोण आहे घरात?" तेव्हापासून तो तिचा खेळच झाला. पाहुणे आले की टकटक.

आत घालायला बनियन हवे होते, घट्ट आणि बाजूला शिवण नसलेले, नाहीतर शिवण कातड्यात रुतते. ते आम्ही गुलमंडीच्या बाजारात दुकानं पालथी घालून शोधले. एक दुकानदार वैतागून म्हणाला, "बाजी, बिना सिलाई का कपडा तो कफन रहता." मी त्याला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. लेकीने मला दंडाला धरून बाहेर ओढलं. शेवटी पुढच्याच बोळात मिळाले, आणि वरून घालायला ढगळ कुर्ते पण घेतले, ज्यांच्यात बेल्ट दिसणार नाही.

बेल्ट घालून कमरेत वाकता येत नाही, हे ऐकून माहीत होतं. पण माणूस दिवसातून किती वाकतो ते त्यानंतर कळलं. पेन्सिल पडली, वाकलो. चप्पल घातली, वाकलो. ताटावर वाकल्याशिवाय वरण-भात खाता येत नाही. लेकीने हळूहळू गुडघ्यात बसून वस्तू उचलायला शिकून घेतलं. ताटाखाली डबा उपडा घालायचा हे तिनेच शोधलं. पोटावर दाब म्हणून ती दोन घास कमी खायची, आणि मी दर तासाला काहीतरी हातात देत राहायची. आपल्याकडचं ऊन तर तुम्हाला सांगायला नको. फेब्रुवारी सरला की भिंती तापतात. बेल्ट काढला की बनियन पिळावा इतका ओला. पट्टे मी आवळायची. जेवढं ओढायला सांगितलं होतं तिथं खुणा केलेल्या होत्या, आणि रोज सकाळी तिथपर्यंत पट्टा आणताना मी दात-ओठ खायची. तिला वाटायचं मी तिच्यावर चिडलेय. मी प्लास्टिकवर चिडलेली असायची.

शाळेची मला सगळ्यांत जास्त धास्ती होती. शाळेत काहीच झालं नाही. पोरींनी चार दिवस टकटक करून पाहिलं, एकीने पेनाने त्याच्यावर फूल काढलं, विषय संपला. माझा जीव भांड्यात पडला. भांडं फुटकं होतं हे पुढं कळलं.

आता गावाकडचं सांगायला हवं. माझं सासर बिडकीनजवळ. सासू-सासरे नाहीत. थोरले दीर-जाऊ आणि नवऱ्याची आत्या तिथं राहतात. शेती बरीच, भावकी त्याहून बरी. बेल्ट आला त्या आठवड्यातच नवरा म्हणाला, "गावाकडं सध्या काही बोलू नकोस."

"का?"

"मुलीची जात आहे. लोक लक्षात ठेवतात."

"सातवीतल्या पोरीचं लग्न तू आत्तापासून ठरवतोयस?"

"मी नाही, लोक ठरवतात," तो म्हणाला. हा माणूस मनाने वाईट नाही, पण लोक म्हटलं की त्याची बोबडी वळते. दोन दिवस आम्ही भांडलो. मग मी सोडून दिलं. रोज सकाळी पट्टे ओढून अंगात भांडायला त्राण उरत नव्हतं. ढगळ कुर्ता होताच.

शनिवार-रविवार माझ्या शिकवण्यांची गर्दी असते. नवरा त्याच दिवशी गावाकडं जातो, शेतीचं बघायला, आणि लेकही जाते. तिथं तिची चुलत बहीण आहे, तिच्याच वयाची, आणि दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही. शनिवारी सकाळी मी पट्टे आवळून पाठवायची, रविवारी संध्याकाळी ती तशीच आवळलेली परत यायची. आंघोळीनंतर कोण बांधतं, तर म्हणे तीच चुलत बहीण बांधते, तिला शपथ घातलीय. मी समाधानी होते. नवऱ्याला काही दिसायचं नाही, त्याला घरात नवीन पडदे लावले तरी दिसत नाहीत.

त्यात लगीनसराई सुरू झाली. भावकी मोठी, दर आठवड्याला कुठं ना कुठं कार्य. लेक नटून जायची आणि येताना ओंजळभर बत्तासे आणायची.

एप्रिलमध्ये पुन्हा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावले. मी खुर्चीत आरामात बसले होते, चांगल्या मार्कांची खात्री असलेल्या पोरासारखी. डॉक्टरांनी पट्टी घेऊन दोन्हींवरचा बाक मोजला.

"वाढलाय," ते म्हणाले.

मला नीट ऐकू आलं होतं, तरी मी "काय?" म्हटलं.

"बाक वाढलाय. बेल्ट घालते ना ही?"

"घालते म्हणजे काय! मी स्वतः बांधते," मी म्हटलं. माझा आवाज चढला. कुणी माझ्यावर चोरीचा आळ घेतल्यासारखं मला झालं होतं.

त्यांनी लेकीची पाठ तपासली. म्हणाले, "घालूनही वाढतो कधी कधी, मी नाही म्हणत नाही. पण गादी जिथं दाबते तिथं कातडीवर खूण पडायला हवी. हिची फारच फिकी आहे. हा कुठंतरी निघतोय, आणि बराच वेळ निघतोय." मग थेट तिला विचारलं, "काय गं?"

लेक पंख्याकडं बघत राहिली.

"अजून असाच वाढला तर बेल्टचा उपयोग संपेल," डॉक्टर मला म्हणाले. "मग ऑपरेशनचंच बोलावं लागेल."

आम्ही रिक्षात बसलो. "कुठं काढतेस?" मी विचारलं. "नाही काढत गं," ती म्हणाली. तिने माझ्याकडं बघितलं नाही. घरी आल्यावर मी ओरडले, मग समजावलं, मग परत ओरडले. ती तोंडातून अक्षर काढेना. ही पोर खोटं बोलत नाही, हे मी चार लोकांत छाती पुढं काढून सांगितलेलं होतं.

शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला विचारलं. ती म्हणाली, "बेल्टशिवाय? मी तर तिला बेल्टशिवाय पाहिलेलंच नाही. खेळाच्या तासाला काढ म्हटलं तरी काढत नाही."

मग राहिलं बिडकीन.

त्या शनिवारी ते दोघे नेहमीसारखे गेले. मी शिकवणीला सुट्टी दिली आणि मागून पैठणच्या एसटीत बसले. कुणाला कळवलं नव्हतं. त्या दिवशी आमच्या घरी गडंगनेर होतं. लग्नाआधी नातेवाईक नवरीला एकेका घरी जेवायला बोलावतात, ते. दारात चपलांचा ढीग, पुरुष बाहेर ट्रॅक्टरपाशी उभे, नवरा त्यांच्यात. मला कुणी पाहायच्या आत मी मागच्या दाराने शिरले.

मागच्या दाराने गेलं की आधी धान्याची खोली लागते. ज्वारीच्या पोत्यांवर एक ओढणी अंथरलेली होती आणि ओढणीखालून काहीतरी पांढरं दिसत होतं. मी ओढणी उचलली.

बेल्ट होता. पोत्यावर आडवा पडलेला, रिकामा, फुलाचं चित्र वर. क्षणभर मला वाटलं की पोर गेली आणि एवढंच मागं राहिलं. असलं काही मनात यायला नको होतं, पण आलं.

मग मी ओसरीच्या दारात गेले. आत सगळ्या बायका होत्या. मध्ये पाटावर नवरी, तिच्यापुढं पुरणपोळीचं ताट, आणि भिंतीला टेकून ओळीने म्हाताऱ्या बसलेल्या. सगळ्यांत शेवटी आत्याबाई. आणि माझी लेक त्या ओळीपुढून पाया पडत चालली होती. एकीपुढं वाकली, दोन्ही हात पावलांना, मग कपाळाला. उठली. पुढचीसमोर वाकली. आमच्याकडं अर्धवट वाकलेलं चालत नाही, डोकं खालपर्यंत जावं लागतं. ती खालपर्यंत जात होती. आणि ती वाकली की त्या ढगळ कुर्त्यातून पाठीची उजवी बाजू वर येत होती. मोरीत दिसली होती त्यापेक्षा वर.

"लई गुणाची पोरगी," कुणीतरी म्हणालं.

"शहरात राहून बी वळण हाय बघ."

एवढ्या बायका बघत होत्या आणि कुणाला काही दिसत नव्हतं. ती पुढचीसमोर वाकायला लागली.

"वाकू नकोस!" मी किंचाळले.

नवरीच्या हातातला घास ताटात पडला. लेक अर्धी वाकलेली तशीच थिजली. जाऊबाई हातात तुपाची वाटी घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. आवाज ऐकून नवरा धावत आत आला आणि मला पाहून त्याचा चेहरा पडला. मी परत फिरले, पोत्यावरचा बेल्ट उचलला आणि आणून सगळ्यांच्या मध्ये सतरंजीवर ठेवला. ठेवला कसला, आदळला.

"हे काय हाय?" आत्याबाईंनी विचारलं.

मग मी बोलले. नवऱ्याने डोळ्यांनी खुणा केल्या, मी बघितल्या नाहीत. पाठ, बाक, एक्स-रे, सळ्या, सगळं बोलले. हे दिवसभर अंगावर हवं, आणि हे घालून वाकता येत नाही, आणि तुमच्या पाया पडायला ही पोर दर शनिवारी हे काढून पोत्यावर ठेवते, आणि म्हणून तिचा कणा वाढलाय वाकडा. एवढं बोलून मला धाप लागली.

आत्याबाई म्हणजे काय चीज आहे हे माहीत असल्याने सगळ्या त्यांच्याकडं बघत होत्या. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी त्यांच्यापुढं नीट वाकले नाही म्हणून त्या दोन महिने माझ्याशी बोलल्या नव्हत्या. आता घरातून बाहेर काढतील, असं धरूनच मी उभी होते.

आत्याबाईंनी हात पुढं करून बेल्टला लावला. बोटाने आतली गादी दाबून पाहिली. मग त्यांनी आपले पाय हळूच मागं घेतले आणि लुगड्याखाली झाकले.

"आन म्या हिला दर येळी पाया पडू दिलं?" त्या म्हणाल्या. "पोरीचा कणा जातोय आन म्या वर सुखी राहा म्हनत बसले?"

आवाजाला कंप होता. मी त्यांना आजवर चिडलेलं पाहिलं होतं, घाबरलेलं कधी नाही. मग त्या नवऱ्याकडं वळल्या. "तुला तोंड नव्हतं व्हय रे? लपवायला काय पोरीनं चोरी केलीय?"

"आत्या, पुढं लग्नाच्या वेळी लोक—"

"लोकाला काय तव्यावर घालायचं हाय? लग्न करायला आधी पोरगी धड उभी नको का?"

नवऱ्याने मान खाली घातली. म्हाताऱ्यांच्या ओळीतून लगेच सल्ले सुरू झाले. एकीच्या माहेरी कुणीतरी तेल लावून हाडं बसवत होता. मी तिच्याकडं अशा नजरेने बघितलं की तिने तेल तिथंच सोडून दिलं. जाऊबाईंनी न बोलता माझ्या लेकीचा हात धरला आणि बेल्ट उचलून तिला आतल्या खोलीत नेलं. मी मागून गेले, पट्टे आवळले. शेवटचा पट्टा जाऊबाईंनीच ओढला.

निघताना आत्याबाई म्हणाल्या, "येक सांगते. गडंगनेराच्या पोरीच्या ताटावर असं ओरडायचं नसतं." मी नवरीची माफी मागितली. ते बोलणं रास्तच होतं.

परतीला आम्ही तिघं नवऱ्याच्या गाडीतून निघालो. लेक मागच्या सीटवर ताठ बसलेली. मी मागं वळून विचारलं, या खेपेला न ओरडता, "का गं काढायचीस? आत्याआजीला भ्यायलीस?"

तिने मान हलवली. नाही.

"मग? पाया पडायची एवढी हौस?"

"थंडीत ते लग्न होतं ना," ती म्हणाली. "मी बेल्ट घालूनच गेले होते. सगळे पाया पडत होते. मी नुसते हात जोडले. तर त्या काकू म्हणाल्या, आईनं वळण लावलं नाही. दुसऱ्या म्हणाल्या, आई तरी कुठं वाकते, शिकलेली आहे ना. मग सगळ्या हसल्या."

"मग?"

"तुला बोलत होत्या, मम्मी. मला बोलल्या असत्या तर मी काही काढला नसता."

मी पुढं वळून बसले. समोरच्या काचेतून रस्ता दिसत होता आणि मला रस्ता दिसत नव्हता. मला वाटलं होतं, दुखतं म्हणून काढला असेल. लाज वाटली असेल, उकडलं असेल, भीती असेल. रिक्षात बसून मी तिच्या मनातली सगळी कारणं तपासली होती आणि प्रत्येकावर एक तयार भाषण होतं. यावर नव्हतं. मला नावं ठेवू नयेत म्हणून माझी बारक्या अंगाची पोर एकेका म्हातारीपुढं पाठ वाकवत होती, आणि त्याच पाठीसाठी मी तिच्यावर ओरडले होते. मला राग आला, त्या बायकांचा, नवऱ्याचा, आणि तिचासुद्धा. इतकं माझं ओझं घ्यायला तुला सांगितलं होतं कुणी? मग रडू आलं ते आवरेना. नवऱ्याने गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मागून लेक म्हणाली, "मम्मी, अगं बनियन ओला झालाय, घरी चल ना."

नंतर गावाकडं सगळ्यांना कळलं. आठ दिवसांत पैठण तालुक्यात कळायचं ते कळलं असेल. आभाळ काही कोसळलं नाही. आत्याबाई आता शनिवारी सकाळीच फोन करतात, "घातलाय का पोरीनं?" आणि तिथं पोचल्यावर तिला स्वतःच्या शेजारी खुर्चीत बसवतात. कुणी पाय पुढं केले की यांचाच हात आडवा जातो. पावसाळा संपता संपता एक्स-रे काढला. मी या वेळी आरामात बसले नव्हते. डॉक्टर म्हणाले, आहे तिथंच आहे. पुढचं पुढच्या एक्स-रेला कळेल. खूण आता चांगली काळपट पडलीय, आणि तिच्यावर मी रोज रात्री बोट फिरवून बघते, कातडी सोललेली तर नाही ना म्हणून.

दिवाळीनंतर पैठणला एक लग्न होतं. नवऱ्याच्या लांबच्या नात्यातलं, आत्याबाई आलेल्या नव्हत्या. मांडवात एका मावशींनी लेकीला जवळ बोलावलं, किती मोठी झाली म्हणाल्या, आणि सवयीने पाय थोडे पुढं सरकवले. लेकीने हात जोडले. मावशींनी तिच्या जोडलेल्या हातांकडं बघितलं. मग आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "आईनं काय शिकवलं नाय वाटतं."

लेकीने माझ्याकडं बघितलं. तिचा हात मागं पट्ट्याकडं गेला. माझ्या पर्समध्ये मोबाईल होता, मोबाईलमध्ये एक्स-रेचा फोटो होता, आणि एरवी माझी जीभ कधी कमी पडत नाही. पण समजावून सांगायची मला त्या दिवशी इच्छाच झाली नाही.

"नाही शिकवलं," मी म्हटलं. "वाकायचं नाही, असं मीच शिकवलंय."

मावशींनी तोंड वाकडं केलं आणि शेजारणीकडं बघितलं. दोघी काहीतरी कुजबुजल्या, त्यात माझंच नाव होतं. ते लेकीलाही ऐकू गेलं असणार. ती माझ्या तोंडाकडं बघत उभी होती, मला लागतंय का ते बघत. मला काही झालेलं नाही, हे तिला दिसलं. मग तिने पट्ट्यावरचा हात काढला.